हिरव्या पट्टीतला श्वास

शिट्टीकाकांच्या हृदयाला काडीचाही धक्का लागला नाही. हे वाक्य कुणी वाचलेलंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण त्या मंगळवारी काकांचं हृदय चांगलंच अडचणीत होतं आणि स्वतः काका उघड्या छातीने, हात डोक्यावर घेऊन, एका अरुंद टेबलावर पडले होते.

काका जलतरण तलावावर जीवरक्षक. काठावरच्या उंच खुर्चीत बसायचं, पळणाऱ्यांना शिट्टी मारून चालायला लावायचं आणि बुडणाऱ्यांना वर काढायचं, असं कामाचं स्वरूप. बुडणारे फारसे मिळाले नाहीत, पळणारे भरपूर मिळाले. खुर्चीवरून उतरलं की सिगारेट, हा नियम मात्र त्यांनी स्वतः केला होता आणि तलावाच्या इतर सगळ्या नियमांपेक्षा काटेकोरपणे पाळला होता. डाव्या फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा त्यांनी डॉक्टरीणबाईंना एकच प्रश्न विचारला.

"खुर्चीची शिडी चढता येईल ना परत? धाप न लागता?"

"उरलेलं फुप्फुस आणि हृदय किती शाबूत राहतं, त्यावर आहे," बाई म्हणाल्या. "गाठ हृदयाला खेटून बसलीय. किरण गाठीवर सोडले तरी शेजाऱ्याला झळ लागणारच. पण छातीत श्वास भरून धरलात की हृदय जरा बाजूला सरकतं. तेवढ्यातच किरण सोडायचे. श्वास सोडला की मशीन बंद."

"एवढंच ना! अहो बाई, मी पाण्याखाली दोन-दोन मिनिटं बसलेला माणूस आहे."

"पाण्याखाली बसायचं नाहीये. मशीनखाली झोपायचंय."

किरण कुठून, किती सोडायचे याच्या आखणीच्या स्कॅनला जाताना बाहेरच्या बाकावर काकूंनी नेहमीप्रमाणे त्यांना धारेवर धरलं. सिगारेटी, न घातलेला स्वेटर, आणि सतरा वेळा सांगूनही न बदललेला बाथरूमचा नळ, असा तो विषयक्रम होता. काका उत्तर देणार एवढ्यात आतून हाक आली. स्कॅन झाला. छातीवर निशाणीसाठी तीन बारीक ठिपके गोंदवले गेले. त्या वेळी काकांनी जो श्वास रोखला, तो मशीनने जपून ठेवला, आणि त्याच उंचीवर पडद्यावर एक हिरवी पट्टी आखली. रोज तोच श्वास घ्यायचा, त्याहून जास्त नाही की कमी नाही. काकांच्या श्वासाची रेघ पट्टीत शिरली तर किरण सुरू, बाहेर गेली की बंद.

निघताना बाई काकूंना म्हणाल्या, "घरी जरा शांतता ठेवा. त्यांना ताण नको."

काकूंनी ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून घरात एक वाकडा शब्द निघाला नाही. काका ओल्या पायांनी स्वयंपाकघरात आले तरी काकू हसायच्या. काकांना भीती वाटायला लागली. डॉक्टरांनी हिला एकटीला बाजूला घेऊन काही सांगितलं की काय, म्हणून त्यांनी तिचा फोनसुद्धा तपासून पाहिला. त्यात फक्त बहिणीला पाठवलेले चुलतभावाच्या टकलाचे फोटो होते.

सरावाच्या बाबतीत मात्र काकांनी कसूर केली नाही. सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या बादलीत तोंड घालून श्वास रोखायचे. बाहेर आले की काकू टाळ्या वाजवायच्या. बादलीला आवाज असता तर तिनेही वाजवल्या असत्या. आठवड्याभरात काकांची छाती अशी फुगायला लागली की शर्टाचं बटण उडून फ्रीजखाली गेलं, आणि ते शोधताना काकू चक्क गुणगुणत होत्या.

म्हणून मंगळवारी काका टेबलावर पडले ते बक्षीस घ्यायला आल्यासारखे. छातीवर एक छोटी डबी ठेवलेली, तिच्या हालचालीवर कॅमेऱ्याची नजर. डोळ्यांसमोर छोटा पडदा, त्यात ती हिरवी पट्टी. जाड दरवाजा बंद झाला. मशीन चालवणाऱ्या मुलीचा आवाज स्पीकरमधून आला.

"काका, श्वास घ्या आणि धरा."

काकांनी घेतला. रेघ पट्टी ओलांडून पडद्याच्या कडेला जाऊन आपटली.

"काका, थोडा कमी."

या वेळी रेघ पट्टीपर्यंत पोचलीच नाही.

"आता थोडा जास्त. अहो, एवढा नाही! काका, पोहायचं नाहीये!"

असा तासभर गेला. एकही किरण सुटला नाही. त्यानंतर ज्यांचा नंबर होता ते आजोबा बाहेर झोपून, उठून, परत झोपले.

"उद्या एकदा बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाही जमलं तर साध्या श्वासावर उपचार करू. गाठीवर मारा तेवढाच होईल. पण हृदयाला आणि चांगल्या फुप्फुसाला झळ जास्त बसेल, हे सांगून ठेवते."

परत येताना काका स्वतःवरच चिडले होते. जन्मभर लोकांना 'मर्यादेत राहा' म्हणून शिट्ट्या मारल्या आणि आता स्वतःला एक पट्टी सांभाळता येईना. "होईल हो उद्या," काकू गोड आवाजात म्हणाल्या. त्याने त्यांना आणखीच खचल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशीही तीच गत. तेव्हा मशीनवाली मुलगी आत आली आणि टेबलाशी उभी राहिली.

"काका, आखणीच्या दिवशी सुंदर जमलं होतं तुम्हाला. एकसारखे श्वास, एकावर एक ठेवल्यासारखे. तेव्हा मनात काय चाललं होतं?"

काकांनी छताकडे बघत आठवलं. "काही नाही गं. ही बाहेर नळावरून बोलली होती. मी उत्तर द्यायला श्वास घेतला आणि तुम्ही हाक मारलीत. मग आत पडल्या पडल्या तेच चालू होतं. उत्तर द्यायला श्वास घ्यायचा, आणि म्हणायचं, जाऊ दे, कशाला वाढवा."

"हे असं घरी किती वर्षं करताय?"

"लग्न झाल्यापासून."

मुलगी तडक बाहेर गेली आणि काकूंना मशीन चालवायच्या खोलीतल्या माइकसमोर घेऊन आली.

"काकू, बोला त्यांना काहीतरी. नेहमीसारखं."

"छे! आजारी माणसाला कसं बोलू?" काकूंनी माइक दूर सारला. मग त्यांचं लक्ष समोरच्या पडद्याकडे गेलं. त्यात टेबल दिसत होतं, टेबलावर काका दिसत होते, आणि टेबलाच्या टोकाला काकांचे पाय.

"अहो!" खोलीतला स्पीकर कडाडला. "हे मोजे? मी नवे काढून ठेवले होते ना खुर्चीवर? अंगठा बाहेर आलाय! चार लोकांत!"

काकांनी श्वास घेतला आणि धरला.

रेघ वर चढली, हिरव्या पट्टीच्या मधोमध येऊन थांबली आणि तिथे खिळ्यावर टांगल्यासारखी स्थिर राहिली. मशीन घुमायला लागलं.

"सोडा!" मुलगी म्हणाली. "काकू, पुढचं!"

"आणि गोंदवून आलात तेही तीन ठिपके! माझ्या नावाचं एक अक्षर गोंदवलं नाहीत कधी!"

रेघ पट्टीत. मशीन सुरू.

"नळ! अजून गळतोय!"

रेघ पट्टीत. काकूंना सूर सापडला होता. बोलता बोलता त्या डोळे पुसत होत्या, पण आवाजात त्याचा मागमूस नव्हता.

एकदा काकूंना ताप आला म्हणून फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं. दुसऱ्यांदा वाजवलं तर रेघ पट्टीकडे फिरकलीसुद्धा नाही. काकांनी त्याला मनातल्या मनात उत्तर देऊन टाकलं होतं. ताजंच लागतं, असं ठरलं. पुढे किरणांनी काकांची अन्ननलिका दुखायला लागली, गिळताना काटे टोचल्यासारखं व्हायचं, मऊ भात तेवढा जायचा. होणार होतं ते, औषध घ्या, असं बाई म्हणाल्या. काकू भात भरवायच्या आणि त्याच वेळी दुसऱ्या दिवशीसाठी मुद्दे काढायच्या.

शेवटच्या दिवशी बाईंनी हिशेब सांगितला. हृदयाला लागलेली झळ नगण्य होती आणि चांगलं फुप्फुस आखल्याबरहुकूम वाचलं होतं. शिडीचं बघू, पण आशा धरायला हरकत नाही. काकांनी मान डोलावली आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"मा. विभागप्रमुख, किरणोपचार विभाग, यांस. विषय: रोखून धरलेली उत्तरे देण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदया, आपल्या विभागाच्या आदेशानुसार अर्जदाराने संपूर्ण उपचारकाळात पत्नीस द्यावयाची सर्व उत्तरे छातीत रोखून धरली असून ती आजमितीस तशीच पडून आहेत. तरी सदर उत्तरे एकरकमी देण्याची लेखी परवानगी मिळावी, व ती देऊन होईपर्यंत पत्नीस त्याच टेबलावर, हात डोक्यावर घेऊन, श्वास रोखून पडून राहण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."