निरोगी सहा

आमच्या लॅबमध्ये हार्ट अटॅक आलेल्यांच्या रक्ताचा अभ्यास चालतो. कोलेस्टेरॉल बघायचं आणि ट्रोपोनिन बघायचं. हृदयाला इजा झाली की हे ट्रोपोनिन रक्तात वाढतं. तुलनेसाठी निरोगी माणसंही लागतात, आणि ती गोळा करायचं काम माझ्या गळ्यात. आज सकाळी वॉचमन, लिफ्टवाला, दोन नर्स आणि माझा धाकटा दीर असे पाच जण पकडून आणले. सहावा ऐनवेळी पसार झाला, म्हणून मी माझंच रक्त दिलं.

दुपारी चार नंबरच्या नळीचा रिपोर्ट बघितला आणि माझं धाबंच दणाणलं. कोलेस्टेरॉल अगदी छान, पण ट्रोपोनिन असायला हवं त्याच्या दहापट! कुठला नंबर कुणाचा ते फक्त लॅबच्या मोठ्या बाईंच्या यादीत. यादी कपाटात, किल्ली बाईंच्या पर्समध्ये आणि बाई विमानात. असला नियम काढणाऱ्याचं डोकं फोडावंसं वाटलं.

पाचही जणांना तातडीने परत बोलावलं. दीर फोनवर ऐकेना. "वहिनी, माझं कोलेस्टेरॉल एकदम झकास आहे. उगाच पिडू नका."

"भावजी, या चार नंबरचंही झकासच आहे. मुकाट्याने या, नाहीतर कान धरून आणीन."

आले. पुन्हा रक्त घेतलं, मशीनला लावलं. पाचही जणांना बाकावर बसवलं. त्या बिनखिडकीच्या खोलीत माझा जीव नुसता गुदमरत होता. सकाळपासून जबडा ठणकत होता, पाठ भरून आली होती. चिडचिड केली की होतंच माझं असं. मला काय धाड भरलीय?

एक नॉर्मल. दुसरा नॉर्मल. पाचही नॉर्मल! धाकटी नर्स रडायलाच लागली. दीर म्हणाला, "सुटलो बुवा! काय वहिनी, फुकट जीव टांगणीला लावलात."

मीही हसले. मग स्टँडकडे लक्ष गेलं. आत्ताच्या पाच नळ्या, आणि सकाळच्या सहा.

"वहिनी, अहो, किती घाम आलाय तुम्हाला!"

नर्स सुई घेऊन धावली. "ठेव ती," मी म्हणाले. "चार नंबर मीच आहे गं. मला खाली डॉक्टरांकडे न्या." फार भीती वाटत होती. दार चार पावलांवर होतं आणि मला उठताच येईना.