दादाच्या अंगणातला कॉक

"तिरका नाही चालणार," रस्तेखात्याचे साहेब पुन्हा म्हणाले आणि त्यांनी हातातली काठी रस्त्यावर आडवी धरली. "रस्ता ओलांडायचा तर काटकोनात. असा."

मी काठीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, मग माझ्या लाँड्रीकडे. काही केल्या डोक्यात प्रकाश पडेना. आमच्या वडिलांनी टाकलेला पाइप समोरच्या मोठ्या लाइनीपासून चांगला तिरपा येऊन थेट माझ्या मोरीत शिरायचा, आणि इतकी वर्षं त्यातून बिनतक्रार पाणी आलं. आता तो गंजून रस्त्याखाली फुटला, डांबर खचलं आणि रस्तेवाल्यांनी तो कायमचा बंद करून टाकला. लाँड्रीत पाणी नाही म्हणजे माझी चूलच बंद. हे मी साहेबांना सांगितलं. माणूस भला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून नियम सांगायला लागले.

नवं डांबर फोडायचं नाही, खालून मशीनने भोक पाडायचं. त्यात आधी एक मोठा पाइप सारायचा आणि त्याच्या पोटात आपला लहान पाइप, म्हणजे पुढेमागे बदलायची वेळ आली तर रस्त्याला हात लावायला नको. रस्त्याखाली कुठे जोड नको. इथवर मला कळलं, म्हणजे कळल्यासारखं वाटलं. पण मग माझ्या दारासमोरूनच सरळ घ्या म्हटलं, तर तिथे रस्त्याखालून नाला जातो आणि नाल्याच्या पुलाजवळ भोक पाडायला बंदी. थोडं बाजूने घ्या म्हटलं, तर साहेबांनी काठी बाजूला सरकवली. बाजूला म्हणजे बरोबर दादाच्या दारासमोर.

"इथून बाहेर काढू," ते म्हणाले. "रस्त्याची हद्द संपली की लगेच पाणी चालू-बंद करायचा कॉक, म्हणजे त्यांच्या अंगणात. पुढे भिंतीच्या कडेने तुमच्याकडे. त्यांची ना-हरकत तेवढी आणा. सख्खे भाऊच ना?"

सख्खेच. पण आम्ही बोलत नव्हतो. वडील गेल्यावर घराची वाटणी झाली, तेव्हापासून. मला वाटतं, मधल्या भिंतीवरून बिनसलं. बायको म्हणते, भिंत नंतरची, आधी वहिनी काहीतरी बोलल्या होत्या. काय बोलल्या ते तिलाही आठवत नाही. मी भयंकर रागावलो होतो एवढं नक्की, आणि दादाही. एवढ्याशा भांडवलावर आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना अर्धं आयुष्य काढलं.

बायको म्हणाली, उपाशी राहीन पण त्यांची पायरी चढणार नाही. तिला कुठे चढायची होती, चढायची मला होती. गेलो नाक मुठीत धरून.

दादा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मला बघून सावरून बसला.

"या, बसा," म्हणाला. "कुणाकडे आलात?"

धाकट्या भावाला अहोजाहो. असं झोंबलं म्हणून सांगू. पण गरज माझी होती. राग गिळला आणि उभ्याउभ्याच काटकोन, नाला, पाइपातला पाइप असं सगळं पुराण त्याला ऐकवलं. मला जेवढं कळलं नव्हतं तेवढंही सांगून टाकलं. तो मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, पाण्याला कोण नाही म्हणेल? वहिनींनी कागद त्याच्या मांडीवर धरला, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मग त्या माझ्याकडे वळल्या, काहीतरी बोलणार होत्या. मी थांबलो नाही. आणखी एक टोमणा ऐकायला कोण थांबतो.

मशीन आलं. दादाच्या अंगणात खड्डा पडला आणि रस्त्याच्या पोटातून पाइपाचं तोंड त्यात बाहेर आलं. नळ सुटला तेव्हा मी नुसता पाण्याखाली हात धरून उभा होतो. इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

आणि मग पाणी जायला लागलं. सकाळी असायचं, दुपारी कपडे साबणात भिजवून ठेवावेत तर नळ कोरडा. प्लंबरला बोलावलं. तो दादाच्या अंगणात डोकावून आला आणि म्हणाला, काही बिघडलेलं नाही, कॉक कुणीतरी बंद करतंय. उघडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. बायको म्हणाली, सही एवढ्या गोडीने का दिली ते कळलं ना आता? मला काहीच कळत नव्हतं. पाण्याला कोण नाही म्हणेल म्हणणारा माणूस रोज उठून पाणी कसं तोडतो? साहेबांना जाऊन विचारलं, दुसऱ्याने कॉक बंद केला तर त्याला काय नियम आहे? ते म्हणाले, त्याला नियम नाही हो, ते तुम्ही घरातच बघा.

मग मात्र माझं डोकं फिरलं. ओले हात घेऊन तसाच निघालो. वहिनी फाटकातच आडव्या आल्या.

"भावोजी, ओरडू नका त्यांच्यावर. ते माणसं ओळखत नाहीत आता. मलाही कधी ओळखतात, कधी नाही."

"मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही बोलत होता का?"

म्हणजे त्या दिवशी त्याने टोमणा मारलाच नव्हता. कुणाकडे आलात, हे त्याने खरोखरच विचारलं होतं. भांडण होतं तिथेच होतं आणि त्यात मी एकटाच उरलो होतो. आता मिटवायचं तरी कुणाशी?

दादा कॉकपाशी उकिडवा बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो.

"काय पाहिजे?" त्याने विचारलं.

"पाणी गेलंय. उघडू का?"

"घ्या की. पण सगळं संपवू नका हं. माझा धाकटा यायचाय. लाँड्री आहे त्याची, त्याला पाणी फार लागतं. म्हणून रोज बंद करून त्याच्यासाठी राखून ठेवतो."

मी मान खाली घातली. ठेवतो त्याच्यासाठी, म्हणालो, आणि कॉक अर्धाच उघडला.