दवाखान्याचा विमा

रुखमाबाई एकतीस वर्षं जानेफळच्या अंगणवाडीत सेविका होत्या. एवढ्या वर्षांत गावातल्या बाया त्यांच्याकडे पोरं घेऊन यायच्या, तशा कागदही घेऊन यायच्या. बँकेचं पत्र आलं, तहसीलची नोटीस आली, की आधी अंगणवाडीचा उंबरा. रुखमाबाई चष्मा लावून वाचायच्या, दोन वाक्यांत सांगायच्या, आणि बाया निर्धास्त होऊन घरी जायच्या. त्यांचा शब्द गावात चालत होता. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नव्हत्या.

पासष्टी पूर्ण झाली, एप्रिलात त्या निवृत्त झाल्या आणि सरकारकडून एकरकमी एक लाख रुपये मिळाले. या पैशाचं काय करायचं ते त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. नवरा कडूबा सत्तरीला टेकलेला, बीपीची गोळी रोजची, तरी वांग्याच्या वावरातून हटत नव्हता. मुलगा पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत. उद्या दवाखान्याची वेळ आली तर त्याच्यापुढे हात पसरायचा नाही, म्हणून विमा घ्यायचा.

मंजुश्री स्वतःच घरी आली. मेहकरच्या एका बँकेत ती विम्याचं काम बघायची. लहानपणी याच अंगणवाडीत खिचडी खाऊन गेलेली. आल्या आल्या पाया पडली.

"मले दवाखान्याचा विमा पाह्यजे," रुखमाबाईंनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. "यायले बीपी हाये. उद्या अॅडमिट करा लागलं तं खर्च भेटला पाह्यजे. बाकी मले काई नको."

"बाई, या वयात निस्ता दवाखान्याचा विमा लय महाग पडते," मंजुश्री म्हणाली. "त्यात बीपी असलं तं त्या बिमारीचं दोन-तीन वर्षं काईच भेटत नाई. तुमी हा घ्या. याच्यात दवाखाना बी हाये, बचत बी हाये. वर्षाले पन्नास हजाराचा हप्ता, पाच वर्षं."

रुखमाबाईंनी कागद चाळले. बारीक इंग्रजी अक्षरं होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न वाचता सही केली, कारण समोर त्यांचीच पोरगी बसली होती.

जाताना मंजुश्री म्हणाली, "कंपनीचा फोन येईन. हिंदीत बोलतेत, भरभर. काई बी इचारलं तं हाव म्हणजा, नाईतं फॉर्म अटकते."

फोन आला तेव्हा रुखमाबाई चुलीजवळ होत्या. त्यांनी पाच-सहा वेळा हाव म्हटलं आणि भाकर उलटली.

त्यांच्याबरोबर अठ्ठावीस वर्षं मदतनीस म्हणून राबलेल्या सुभद्राबाई ऑक्टोबरात निवृत्त झाल्या. विधवा, एकटी बाई. मिळालेले पाऊण लाख घेऊन त्या सरळ रुखमाबाईंकडे आल्या. "बाई, तुमी काय केलं?" त्यांनी विचारलं. रुखमाबाईंनी मंजुश्रीचा नंबर दिला. "मी घेतला, तुमी बी घ्या. डोळे झाकून घ्या," असं म्हणाल्या.

डिसेंबरात वांग्याचं कॅरेट उचलताना ओल्या सरीत कडूबाचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मेहकरच्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. सरकारी योजनेतल्या दवाखान्यात गेलात तर फुकट होईल, पण नंबर लागायला तीन-चार दिवस जातील. खासगीत उद्या होईल, पैसे लागतील.

"पैशाचं नका सांगू डॉक्टरसाहेब," रुखमाबाई म्हणाल्या. "आपल्याजवळ विमा हाये."

बुलडाण्याच्या खासगी दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. उरलेले पन्नास हजार त्यांनी आगाऊ भरले आणि फाइल काउंटरवर दिली. दोन दिवसांनी काउंटरवरच्या माणसानं त्यांना बोलावलं.

"मावशी, हा दवाखान्याचा विमा नाही. जीवन विमा आहे."

"म्हंजे?"

"माणूस गेल्यावर पैसे मिळतात. आणि तोही काकांच्या नावावर नाही, तुमच्या नावावर आहे. तुम्ही गेलात तर काकांना मिळतील."

रुखमाबाईंना आधी वाटलं, याला वाचता येत नसावं. त्यांनी फाइल ओढून घेतली, पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि एकेक इंग्रजी शब्द जुळवत गेल्या. बोट त्यांच्याच नावावर येऊन थांबलं. खाली वारस म्हणून कडूबाचं नाव होतं.

"पॉलिसी परत करता येत होती," तो माणूस हळू आवाजात म्हणाला. "कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत. तुमचे जूनमध्येच आलेत."

दवाखान्याचं बिल त्यांनी पुढे कानातले आणि गळ्यातली एकदाणी विकून भागवलं. पण त्या दुपारी सराफाकडे जाण्याआधी त्यांना सुभद्राबाई आठवल्या. सुभद्राबाईंची पॉलिसी पोस्टानं येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. कडूबाजवळ गावाहून सोबत आलेल्या शेजाऱ्याला बसवून त्यांनी मेहकरची एसटी धरली, तिथून जीपनं जानेफळ गाठलं.

सुभद्राबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. रुखमाबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सुभद्राबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण तुमीनच तं सांगतलं, डोळे झाकून घ्या म्हणून."

"चुकलं माह्यं. उद्या माह्यासंग बँकेत चला. तुमचे पैसे वापस भेटतेत, आजून दिवस गेले नाईत."

दुसऱ्या दिवशी दोघी मेहकरच्या बँकेत गेल्या. मंजुश्री त्यांना पाहून उठली, पुन्हा बसली, आणि संगणकात बघत राहिली. सुभद्राबाईंचा परतीचा अर्ज बँकेच्या मॅनेजरसाहेबांनी घेतला. तीस दिवस उलटले नव्हते, त्यामुळे त्यांना पर्यायच नव्हता. मग रुखमाबाईंनी आपली तक्रार पुढे केली, रात्री बसून लिहिलेली, दोन पानं, सुवाच्य अक्षरात.

साहेबांनी ती वाचली. कुठेतरी फोन लावला. अर्ध्या तासानं त्यांच्या मोबाइलवर एक रेकॉर्डिंग आलं आणि त्यांनी ते टेबलावर ठेवून लावलं.

"आपको बताया गया है कि यह जीवन बीमा है, अस्पताल का खर्च इसमें नहीं मिलेगा?" एक बाई भरभर विचारत होती.

"हाव," रुखमाबाईंचाच आवाज. मागे भाकरी थापल्याचा आवाजही येत होता.

"आपने सब कागज़ात पढ़कर समझ लिए हैं?"

"हाव."

साहेबांनी रेकॉर्डिंग बंद केलं. "बाई, आता आम्ही काय करणार? तुम्ही स्वतः कबूल केलंय."

"या पोरीनं सांगतलं होतं तसं म्हणा म्हणून."

"ते कुठे लिहिलंय?"

रुखमाबाईंनी मंजुश्रीकडे पाहिलं. "सांग वं त्यायले. काय म्हणली होतीस तू माह्या घरात बसून?"

मंजुश्रीनं मान वर केली नाही. "मी तुमाले सगळं समजावून सांगतलं होतं, बाई," ती म्हणाली.

पण रुखमाबाईंच्या जिवाला लागलं ते पुढचं. शेजारी बसलेल्या सुभद्राबाई त्यांच्याकडे वळून बघत होत्या. अठ्ठावीस वर्षांत सुभद्राबाईंनी त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे तुमाले मालूम होतं," सुभद्राबाई म्हणाल्या.

"नाई वं बाई. मले ते हिंदी समजलंच नाई..."

"तुमाले समजलं नाई?" सुभद्राबाईंनी पदर सावरला. "अख्ख्या गावाचे कागद तुमी वाचले. तुमाले समजलं नाई, हे मी कसं मानू? किती भेटले तुमाले माह्या नावाचे?"

मला समजलं नव्हतं, हे खरं होतं. एकतीस वर्षं त्या जे होत्या, त्यात हे खरं कुठेच बसत नव्हतं. सुभद्राबाई उठल्या आणि एकट्याच बसस्टँडकडे चालू लागल्या.

बँकेच्या पायऱ्यांवर मंजुश्री मागून धावत आली. "बाई, मले महिन्याचं टारगेट असते. नाई झालं तं काढून टाकतेत. माह्या घरी बी दोन पोरी हायेत. वरतं तक्रार नका करू."

"तुह्या पोरी अंगणवाडीत जातेत काय?" रुखमाबाईंनी विचारलं.

"नाई. इंग्लिश कॉन्व्हेंटमंधी जातेत."

"बरं हाये," रुखमाबाई म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडला.

तक्रार त्यांनी वर केलीच. आधी कंपनीकडे, मग विमा लोकपालाकडे. कंपनीचं उत्तर आलं: ग्राहकाची सही आहे, ध्वनिमुद्रित संमती आहे, तक्रार फेटाळण्यात येत आहे. लोकपालाकडून अजून तारीख आलेली नाही. दुसरा हप्ता भरला नाही तर पहिल्यातलं फारसं काही हाती लागणार नाही, असंही कंपनीनं त्याच पत्रात कळवलं होतं.

सुभद्राबाईंच्या खात्यात तीन आठवड्यांत पैसे परत आले. ही गोष्ट रुखमाबाईंना किराणा दुकानात कळली. दुकानदाराला सुभद्राबाईंनी सांगितलं होतं की साहेबाशी भांडून त्यांनी स्वतः पैसे सोडवून आणले, आणि रुखमाबाई मंजुश्रीला सामील होत्या.

कडूबा आता वॉकर धरून ओसरीपर्यंत येतो. वावर दुसऱ्याला बटाईनं कसायला दिलं आहे. "जाऊन सांग न तिले खरं काय ते," तो एकदा म्हणाला.

"सांगतलं. दोनदा गेली मी. दार नाई उघडलं तिनं."

"मंग लोकायले सांग."

रुखमाबाई तांदूळ निवडत होत्या. "काय सांगू लोकायले?" त्या म्हणाल्या. "मी चोर नाई, मी अडाणी हाये, हे सांगू?"

फेब्रुवारीपासून गावातल्या बाया आपले कागद ग्रामपंचायतीच्या संगणक ऑपरेटरकडे नेतात. तो एका कागदाचे वीस रुपये घेतो.