मेलेल्यांनी बोलायचं नाही

नदीच्या युद्धाचं पुस्तकातलं नाव लांबलचक आहे आणि ते परीक्षेपुरतंच लागतं. वर्गात आम्ही त्याला नदीचं युद्धच म्हणायचो. अकरा वर्षं चाललेलं, पाच मोठ्या लढायांचं: पूल, गव्हाची शेतं, खिंड, किल्ला आणि शेवटची धुक्यातली. सातवीच्या मुलांना ते मी तीस वर्षं एकाच पद्धतीनं शिकवत आले. पस्तीस मुलं, सातासातांचे पाच गट, प्रत्येक गटाला एक लढाई. तीन आठवडे वर्गाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत तालीम करायची आणि मग आपली लढाई सगळ्यांसमोर करून दाखवायची. बाकं भिंतीला लावायची, मधे माझ्या घरची निळी चादर अंथरायची. ती नदी. चादरीवर इस्त्रीनं जळल्याचा डाग होता, त्याला मुलं बेट म्हणायची.

नियम दोनच. काठ्या आणायच्या नाहीत. आणि जो मेला त्यानं लढाई संपेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही. हा दुसरा नियम फार वर्षांपूर्वी करावा लागला, कारण त्याआधी माझ्या वर्गातला सैनिक तीनतीनदा मरून उठायचा आणि हरणारी बाजू काही केल्या हरायची नाही.

यंदा पुलाच्या गटात एक मुलगी होती, तिला सगळे खिदळी म्हणत. शत्रू समोरून आला की ही हसायची, सेनापतीनं हुकूम दिला की हसायची, आणि तिला बघून दोन्ही सैन्यं हसायची. त्यांचा सेनापती म्हणजे डॉक्टरांचा मुलगा, भारी शिस्तीचा. दोन दिवस त्यानं सोसलं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला.

"बाई, हिला पहिल्याच बाणाला मारतो. नाहीतर पूल पडायच्या आधी आमचं नाटक पडेल."

"मला चालेल," खिदळी मागून म्हणाली. "पण तोंडावर रुमाल टाकायचा."

तेव्हापासून रोज तालमीच्या पहिल्या मिनिटाला ती मरायची आणि भिंतीशी जाऊन पडायची. थोडा वेळ पोट हलायचं, मग तेही थांबायचं.

नाटुकली झकास झाली. किल्ल्याच्या गटानं वेढ्यातली उपासमार अशी केली की बघणाऱ्यांतल्या एका मुलानं खरोखर आपला डबा पुढे केला. पलीकडच्या वर्गातून गणिताच्या सरांनी दोनदा भिंत ठोकली, म्हणजे नाटक रंगलं होतं. त्या आठवड्याच्या शेवटी मी लेखी चाचणी घेतली. पाच लढाया, पाच प्रश्न, प्रत्येकी चार गुण.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पेपर तपासायला बसले. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. समोरच डोळ्याला भिंग लावून कुणाचंतरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते.

"चार," मी म्हणाले. "चार. पाच. परत चार."

"काय मोजतेस?"

"गुण. विसापैकी."

त्यांनी भिंग काढलं.

"सगळ्यांना आपली लढाई तोंडपाठ आहे," मी म्हणाले. "बाकीच्या चार कोऱ्या. हा बघा, खिंडीच्या गटातला. खिंडीवर दीड पान लिहिलंय आणि पुलाखाली एकच ओळ. 'पूल पडला असावा.'"

"असावा म्हणतोय म्हणजे जपून बोलतोय. इतिहासकार होईल."

"अहो, हसू नका. माझ्या नाकाशी सूत धरायची वेळ आलीय."

"हसत नाही गं. पण प्रत्येक चाक आपल्या जागी मजेत फिरतंय आणि एकाचे दात दुसऱ्यात बसतच नाहीत, अशी घड्याळं माझ्याकडे येतात. दिसायला सुंदर असतात. वेळ तेवढी दाखवत नाहीत."

ते परत कामाला लागले आणि मी पुढचा पेपर ओढला. त्याला एकोणीस गुण पडले. खिदळीचा होता. मी पहिल्यापासून परत तपासला. तरी एकोणीसच. पहिल्यांदा मनात आलं ते कुठल्याही मास्तरणीच्या मनात येईल तेच: पोरीनं कॉपी केली. पण कुणाची? चोरी करायला शेजाऱ्याच्या घरात काहीतरी असावं लागतं.

सोमवारी मुख्याध्यापिकेनं बोलावलं. ती माझीच विद्यार्थिनी. चारचौघांत मी तिला मॅडम म्हणते, दोघीच असलो की अगंतुगं.

"बसा बाई. चहा सांगू?"

"चहा सांगतेस म्हणजे बातमी वाईट आहे."

ती कसनुसं हसली. "गणिताच्या सरांना सातवीसाठी दोन तास हवेत. तुमचे गुरुवारचे दोन्ही मागतायत. आणि पालक विचारतात, इतिहासाच्या तासाला मुलं जमिनीवर लोळत असतात ती कशाला?"

"लोळत नाहीत, मरतात."

"बाई, सरासरी साडेपाच आहे."

मला निवृत्त व्हायला दीड वर्ष होतं. पुस्तक हातात धरून शिकवता मला येत नाही असं नाही. सुरुवातीची चार वर्षं मी तसंच शिकवलं, आणि त्या चार वर्षांत मुलांनी मला विचारलेला एकही प्रश्न आठवत नाही. राहिलेलं दीड वर्ष मला परत तसंच काढायचं नव्हतं.

"एक संधी दे," मी म्हणाले.

"देते. येत्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या. पेपर मी काढणार आणि मीच तपासणार. सरासरी बारा आली तर गुरुवार तुमचा. नाही आली तर सरांना देईन, आणि नाटुकली फक्त वार्षिक कार्यक्रमात."

"बारा जास्त होतात गं."

"बाई, विसापैकी बाराला तुम्ही आम्हाला 'बरं आहे' म्हणायचात."

मधल्या सुट्टीत खिदळीला एकटीला गाठलं. ती जिन्याच्या पायरीवर बसून सफरचंद खात होती.

"खरं सांग. कुणाचं बघून लिहिलंस?"

"कुणाचंच नाही, बाई."

"मग खिंडीत त्यांनी घोडे का सोडून दिले, हे तुला कसं ठाऊक? तू तर पुलावर होतीस."

"पुलावर कुठे? मी मेले होते ना."

"म्हणजे?"

"म्हणजे बघा, मी भिंतीशी पडलेली असते. माझ्या डोक्याशी गव्हाचा गट, पायाशी खिंडवाले. डोळ्यांवर रुमाल. उठायचं नाही, बोलायचं नाही. मग माणसानं करायचं काय? ऐकत पडायचं." तिनं सफरचंदाचा एक मोठा चावा घेतला. "किल्लेवाले रोज भांडतात, आधी धान्य संपलं का पाणी. पाणी संपलं आधी. धुक्यातले तोंडातल्या तोंडात बोलतात, म्हणून माझा तिथे एक मार्क गेला."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. एक गट नाटुकलं करत असताना बाकीची मुलं काय करत असतात, हे मी रोज पाहत होते. ओठ हलवत असतात, आपापली वाक्यं घोकत असतात. मला ते कौतुकाचं वाटायचं. किती मेहनती पोरं, म्हणायचे मी. वर्गात अठ्ठावीस जण समोर बसलेले असून खरा बघणारा एखादाच असायचा.

गुरुवारी वर्गात गेल्यागेल्या सांगितलं, "आजपासून पुढच्या शुक्रवारच्या पेपरापर्यंत प्रत्येकानं आपली लढाई सोडून बाकीच्या चारही लढायांत एकेकदा मरायचं. अर्धा तास निम्मा गट दुसऱ्याकडे मरायला जाणार, अर्धा तास उरलेला. मेल्यावर नियम तोच. आणि परत आल्यावर आपल्या गटाला सांगायचं, तुम्ही कशानं मेलात."

गोंधळ झाला. डॉक्टरांचा मुलगा उभा राहिला.

"बाई, मी सेनापती आहे. मी दुसऱ्यांच्या लढाईत साधा सैनिक म्हणून मरू?"

"अवघड नसतं काही," खिदळी म्हणाली. "मी शिकवते तुला."

त्याला गव्हाच्या शेतात पाठवला. तो शर्ट सावरून, जागा झटकून, अगदी नीटनेटका मेला. पण पडल्यापडल्या त्याचं काही पटेना. भुवया वर जात होत्या, तोंड उघडून परत मिटत होतं. एकदा हात वर केला, तेव्हा गटाच्या प्रमुख मुलीनं त्याला झापलं, "ए, मेलेल्यांना शंका नसतात." लढाई संपली तसा तो ताडकन उठून बसला.

"तुमचे सैनिक उपाशी का होते?"

"आमचं धान्य नदीपलीकडे राहिलं होतं," ती म्हणाली.

"मग आणायचं ना."

"कुठून आणणार? पूल नव्हता."

तो नुसता चादरीकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "पूल आम्ही पाडला. शत्रू येऊ नये म्हणून." आणि चादरीची कड सरळ करत, "मला वाटत होतं, आम्ही जिंकलो."

"जिंकलातच," ती म्हणाली. "आणि पुढच्या उन्हाळ्यात इथे मेलात. सगळे तुमचेच लोक आहेत हे."

त्या दिवशी तो आपल्या गटात परत गेला तो धावतच. त्यानंतर मला फारसं काही करावं लागलं नाही. कोपऱ्याकोपऱ्यांत मेलेले पडलेले असायचे आणि लढाई संपायची वाट बघायचे, कारण प्रत्येकाच्या पोटात एक प्रश्न असायचा. खिंडवाल्यांना कळलं की त्यांच्या घोड्यांना चारा का नव्हता. किल्लेवाल्यांना कळलं की ज्यांच्या मदतीची आपण वाट बघत होतो ते खिंडीतच संपले होते. हे कळल्यावर किल्ल्याचा गट इतका हिरमुसला की मी त्यांना पाच मिनिटं लवकर सोडलं.

पेपर झाला. त्यानंतरच्या सोमवारी मला बोलावणं आलं नाही. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिकाच गठ्ठा घेऊन माझ्या वर्गात आली आणि पहिल्या बाकावर बसली. मी फळा पुसत होते. पुसतच राहिले.

"तेरा पॉइंट दोन," ती म्हणाली.

मी डस्टर खाली ठेवलं.

"तिघं अजून चारावरच आहेत. आणि धुक्याच्या लढाईत निम्मा वर्ग धुक्यातच आहे."

"त्या गटाचा दोष आहे. बोलतच नाहीत मोकळेपणी. त्यांच्याकडे बघते मी."

तिनं पर्समधून वेळापत्रकाची घडी काढली, बाकावर पसरली. गुरुवारच्या दोन चौकोनांत पेन्सिलीनं 'गणित' लिहिलेलं होतं. ते तिनं खोडलं, खोडल्यावरचा कचरा फुंकून टाकला. "सरांना माझे दोन तास देते बुधवारचे," म्हणाली. काम संपलं होतं, पण ती उठली नाही.

"बाई, एक सांगू? हे तपासायला मला पुस्तक उघडावं लागलं. चार लढायांसाठी. खिंड तेवढी मला झोपेतून उठवलंत तरी येते. मी घोडा होते."

"आठवतंय मला. तिसऱ्या रांगेतला."

"पूल कुणी पाडला ते मला परवा शनिवारी कळलं. एवढी वर्षं मी समजत होते, पुरात वाहून गेला."

मी तिच्या समोरच्या बाकावर बसले. तीस वर्षांची मुलं डोळ्यांसमोरून गेली, प्रत्येकाच्या हातात एकेक लढाई.

"चुकलं गं माझं," मी म्हणाले.

"चुकलं काय त्यात? मजा आली होती. पण उरलेलं राहूनच गेलं."

"मग गुरुवारी ये ना. परत पुलापासून सुरू करतोय."

"मी? मुलं बावरतील."

"जिवंत माणूस आला तर बावरतील. मेलेल्याकडे कोण बघतंय?"

तिनं वाकून फरशीवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली धूळ निरखून पाहिली.

"जुने कपडे घालून येते," ती म्हणाली.