गौरीची फणी

चैत्रातली पहाट तांबट आळीत उतरते ती तांब्याचीच होऊन. नदीपलीकडच्या टेकाडामागून ताम्रवर्णी, मोहोरगंधी उजेड हलकेच वर येतो, कडुलिंबाच्या फुलोऱ्यात घुटमळतो, कौलांवरून ओघळतो आणि दारादारांतल्या सड्याच्या ओल्या मातीवर येऊन टेकतो. हातोड्या अजून निजलेल्या असतात. जाग्या असतात त्या बायका, आणि बायकांत सगळ्यांच्या आधी जागी असते ती कुमुद.

कुमुदची रांगोळी म्हणजे काय चीज आहे, ते आळीबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. शुभ्र रेष, सलग रेष, निष्कंप रेष. चिमटीतून सुटली की वळणाला वळण देत जाते, कुठे जाडी नाही, कुठे तुटणं नाही. चैत्र लागला की तिच्या अंगणात चैत्रांगण उमलायचं. मध्ये झोपाळ्यात बसलेली गौर, माथ्यावर चंद्र-सूर्य, भोवती शंख, कमळ, कासव, नाग, गोपद्मांच्या ओळी, आणि गौरीच्या पायाशी तिचा साजशृंगार: करंडा, फणी, आरसा. याच महिन्यात कालिकेची पालखी निघते. वाटेत ती एकदाच टेकते, आणि टेकायची ती कुमुदच्या दारी, तिच्या चैत्रांगणासमोर. तो मान सासूकडून तिच्याकडे आला होता. तिनं तो कधी बोलून दाखवला नाही; तिच्या चालण्यातच तो दिसायचा.

मग शालन आली. नवरा अकाली गेलेला, सोबत एक शिलाई मशीन, साड्यांना फॉल-पिको करून पोट भरायचं. आळीतल्या शेवटच्या घराची मागची खोली तिनं भाड्यानं घेतली. जिना चढला की दार, दार ओलांडलं की पलंग. तिच्या वाट्याला अंगण आलंच नव्हतं. अंगण नाही तर रांगोळी नाही, असं म्हणून दुसरी कुणी गप्प बसली असती.

शालन जिना उतरून समोरच्या आळीच्या वळणावर गेली. हे वळण म्हणजे साऱ्या आळीचा उकिरडा. कुजलेली भाजी, फुटकी कुंडी, लग्नातल्या पत्रावळी, सगळ्यांचं सगळं तिथं. कुमुदच्या घरची केळीची सालंसुद्धा तिथंच पडायची. पालखीचे भोई तिथून नाकाला उपरणं लावून झपाझप जायचे. देवीनंही श्वास रोखून धरला असेल बिचारीनं.

त्या जागेवर एका सकाळी गेरूनं सारवलेला आरक्त चौकोन दिसला, आणि त्यात एक इवलंसं पांढरं कमळ. दुसऱ्या सकाळी कमळावर कुणीतरी चहाचा चोथा ओतलेला. शालननं चोथा उचलला, गेरू फिरवला, पुन्हा कमळ काढलं. पुन्हा चोथा, पुन्हा कमळ. ती भांडली नाही, तिनं पाटी लावली नाही, नगरपालिकेच्या नावानं बोटं मोडली नाहीत. कुणी पिशवी घेऊन आलं की म्हणायची, "द्या इकडे, मी घंटागाडीत टाकते." पिशवी देणाऱ्याचा हात हलका व्हायचा आणि तोंड जड व्हायचं. हळूहळू लोक आपापली पिशवी घेऊन आपणच घंटागाडीमागे धावू लागले.

कमळ वाढत गेलं. कमळाशेजारी मोर आला, मोराशेजारी वेल आली, आणि वळणावर थांबून बघणारी माणसं आली. "काय बाई हात आहे शालनचा," बायका म्हणायच्या. हे वाक्य आळीत इतकी वर्षं एकाच नावानं संपत आलं होतं.

कुमुद जळत होती. याला दुसरा शब्द नाही, आणि तिनंही तो शोधला नाही. विळीवर भाजी चिरताना जळत होती, देवापुढे वात लावताना जळत होती. दूध आणायला ती आता लांबच्या वाटेनं जायची, कारण ती वाट वळणावरून जात होती. थांबायची नाही, मान वळवायची नाही, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळं टिपून घ्यायची. रेष थरथरते हिची. मोराची मान आखूड. वेलीला तोल नाही. आणि तरीही, तरीही त्या थरथरत्या रेषेत काहीतरी असं होतं की घरी येऊन आपल्या निष्कंप रेषेकडे बघताना कुमुदला ती पहिल्यांदाच कोरडी वाटायची. हा सल भाजीत मीठ जास्त पडल्यासारखा होता; काढताही येत नव्हता, गिळताही येत नव्हता.

पालखीच्या आदल्या दिवशी देवळातल्या बायका आल्या. ओट्यावर बसल्या, पन्हं प्यायल्या, एकमेकींकडे बघितलं.

"कुमुदवहिनी, यंदा पालखी वळणावर टेकवायची म्हणतोय. शालन चैत्रांगण काढणार आहे तिथं. तुम्हाला चालेल ना?"

"मला काय विचारता," कुमुद म्हणाली. "देवी सगळ्यांची आहे."

बायका गेल्या. पन्ह्याचे पेले कुमुदनं इतके घासले, इतके घासले की त्यांत तिला तिचं तोंड दिसू लागलं. ते तिला बघवेना.

आणि ती पहाट उगवली. तीच ताम्रवर्णी, मोहोरगंधी, मंदगामिनी पहाट. कुमुदनं बादली भरली, काठोकाठ भरली, पदर खोचला आणि ती निघाली. स्वतःच्या दाराशी थांबली नाही. सडा घालायला कुणी इतकं पाणी नेत नाही, हे तिला माहीत होतं. एकदा बादली उपडी केली की झालं. पालखी नेहमीसारखी तिच्या दारी येईल, आणि वळण पुन्हा वळण होईल.

वळणावर कुणी नव्हतं. रांगोळी काढून शालन हात धुवायला वर गेली असावी. गेरूच्या आरक्त भूमीवर शुभ्र चैत्रांगण पसरलं होतं. झोपाळा, झोपाळ्यात गौर, चंद्र-सूर्य, कासव, नाग, गोपद्मं. सगळं थरथरतं, सगळं जिवंत. कुमुदनं बादली उचलली.

आणि तिची नजर अडली. गौरीच्या पायाशी जागा मोकळी होती. करंडा नव्हता, फणी नव्हती, आरसा नव्हता. विसरलीच म्हणावं, तर ती जागा बरोब्बर मोजूनमापून सोडलेली. कडेची वेलसुद्धा तिथं जराशी आत वळून अंग चोरून गेलेली. त्या बाकापाशी येऊन शालनचा हात किती वेळा थबकला असेल, ते कुमुदला त्या वेलीत दिसलं. ते दिसायला तिच्याइतकं जळलेलं माणूस लागत होतं.

मागं जिना वाजला. शालन ओले हात पदराला पुसत उभी होती. तिनं बादली पाहिली, खोचलेला पदर पाहिला. तिला सगळं कळलं.

"बादली जड असेल वहिनी," ती म्हणाली. "खाली ठेवा."

कुमुदनं ठेवली. मग गौरीच्या पायांकडे बोट केलं.

"करंडा-फणी राहिलीय," कुमुद म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून खडबडीत निघाला.

"राहिली नाही. तिथं माझा हात जात नाही." शालन खाली बघत होती. "हे गेल्यापासून त्या वस्तू माझ्या नाहीत, असं सगळ्यांनी सांगितलं. अख्खी आळी रोज बघते, वहिनी. छान म्हणते, पुढे जाते. एवढं नीट कुणी बघितलंच नव्हतं."

कुमुदच्या चिमटीला रांगोळीची सवय इतकी जुनी, की शालनच्या रांगोळीच्या डब्यात हात केव्हा गेला तिचं तिलाच कळलं नाही. एक करंडा, एक फणी, एक आरसा. क्षणाचं काम. आणि मग देवीसमोर, साऱ्या आळीसमोर, तिची रेष लगेच ओळखू आली असती. तिच्या जिवाला नेमकं तेच हवं होतं. ते आपल्याला किती हवंय, हे तिला लख्ख दिसलं.

तिनं शालनचा हात ओढला, तळवा उघडला आणि सगळी चिमूट त्यात सोडली.

"तूच काढ. मी काढली तर दिवसभर मिरवीन."

"पण वहिनी, मी..."

"फणी गौरीची आहे. तुझी नाही नि माझीही नाही. विंचरल्याशिवाय बसवणार आहेस का तिला झोपाळ्यात?"

शालन बसली. हात खाली गेला, थांबला, पुन्हा उतरला. आधी करंडा आला, मग आरसा आला, आणि शेवटी एकेक दात करत, एकेक श्वास घेत, फणी आली. कुमुद बादलीतलं पाणी ओंजळीनं रस्त्यावर शिंपडत राहिली, भोयांच्या पावलांनी धूळ उडून रांगोळीवर बसू नये म्हणून.

उन्हं वर आली तेव्हा हातोड्या थांबल्या, सनई वाजली, आणि गुलालधूसर पालखी वळणावर येऊन टेकली. भोयांनी उपरणी खांद्यावरच ठेवली होती. बायका पुढे झाल्या. कुणीतरी म्हणालं, काय बाई हात आहे शालनचा. कुमुदच्या छातीत परिचित कळ आली. ती कळ कुठे जाणार होती?

ती वाकली, नमस्कार केला, आणि सवयीनं रेष न् रेष तपासली. फणीचा एक दात वाकडा आला होता. स्पष्ट वाकडा. कुमुदला फार बरं वाटलं.

बोट पुढे झालं, रेषेपाशी गेलं. सनई वाजत होती, लिंबाचा मोहोर पडत होता, झोपाळ्यात गौर बसली होती. कुमुदनं बोट मागे घेतलं, आणि तो दात तिनं वाकडाच राहू दिला.