चारचौघांतलं खासगी

विक्रांत पोतनिसांची कंपनी उज्जैनातल्या काही इमारती सांभाळायची. म्हणजे लिफ्ट, पाणी, पहारा, झाडझूड आणि रहिवाशांची भांडणं. इंदूरच्या एका शिबिरात त्यांना शिकवलं होतं की माणसाचं कौतुक चारचौघांत करावं, उणं एकांतात काढावं. नानाखेड्यातल्या अशाच एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं ऑफिस, खोली एकच, तेव्हा एकांताची पंचाईत होती. पण पोतनिसांकडे पिढीजात सोय होती. कौतुक हिंदीत, उणं मराठीत. भाजीवाल्यासमोर भाजी शिळी आहे हे मराठीत बोलायचं, पाहुण्यांसमोर ते कधी उठणार हेही मराठीत. त्यामुळे वेगळी केबिन बांधावी लागली नाही.

त्या दिवशी त्यांनी निहारिका राठौरला सगळ्यांसमोर बोलावलं. इमारतींचं कामकाज तीच बघायची. देवास रोडवरची एक मोठी कॉलनी आता कंपनीकडे येऊ घातली होती आणि कॉलनीच्या समितीची अट एकच होती, मॅनेजर निहारिकाजीच हव्यात. ती नाही म्हणाली तर कॉलनी गेली.

"निहारिकाजी, आप इस कंपनी की रीढ़ हैं," विक्रांत म्हणाले. कंपनीचा कणा म्हटल्यावर गार्ड आणि सफाईवाल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. "आज से आप मॅनेजर."

मग चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून ते शेजारी बसलेल्या वहिनींकडे वळले. "नावाला हो, वहिनी. निर्णय आपला सुमीतच घेईल. हिला काय, पाटी लावली की झालं. गोडबोली आहे, रहिवासी भुलतात. अक्कल बेताचीच."

सुमीत हा वहिनींचा मुलगा. देवश्रीवहिनी पदर सावरत म्हणाल्या, "हळू बोला, भावजी."

"हिला कुठं कळतंय?"

निहारिका म्हणाली, "सोचकर बताती हूँ, सर."

तेवढ्यात गार्ड बाबूलाल धावत आला. वर लिफ्ट अडकली होती आणि आत एक म्हातारी रडत होती. सगळे वर गेले. दाराच्या फटीतून आवाज येत होता, "अहो, कोणी आहे का हो?" विक्रांत मेकॅनिकला फोन लावत राहिले. निहारिका फटीपाशी उकिडवी बसली.

"सुनंदाकाकू, मी निहारिका. खाली बसून घ्या बरं. पर्स मांडीवर ठेवा. आज काय केलं होतं जेवायला?"

"भरली वांगी," आतून हुंदका आला.

"बाई गं. आणि आम्हाला एक वाटीसुद्धा नाही?"

आतून बारीकसं हसू ऐकू आलं. मेकॅनिक येईपर्यंत दोघी वांग्यांवरून लेकीसुनांवर गेल्या होत्या. विक्रांतच्या कानाला लावलेला फोन केव्हाच बंद झाला होता. घरात आईशीसुद्धा ते इतकं सरळ मराठी बोलत नसत.

काकू सुटल्या. जिन्यावर विक्रांतनी निहारिकाला गाठलं. "तुम्हाला मराठी येतं?"

"माहेर देवासचं आहे, सर. जगदाळे आम्ही. राठौर सासरचं."

"मग इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही माझ्याशी हिंदीत बोलायचात आणि माझ्याबद्दल मराठीत. मी मध्ये कुठं बोलणार होते?"

विक्रांतना आजचंच आठवलं असतं तर बरं होतं. त्यांना सगळंच आठवू लागलं. तिच्या साडीवरून बोललेलं, नवऱ्याच्या नोकरीवरून बोललेलं. आणि त्यानंतर दर वेळी तिनं आणून ठेवलेला चहा.

"माफ करा," ते म्हणाले.

"इथं जिन्यात नको, सर. बोललात तेव्हा सगळे होते."

ऑफिसात ते पुन्हा उभे राहिले. वहिनी जमिनीकडे बघत होत्या. विक्रांतनी आपलं मराठी एकेक करून हिंदीत सांगायला घेतलं. पाटी नावापुरती होती, फैसले सुमीत करणार होता, अक्कल कमी म्हटलं होतं. 'गोडबोली'पाशी हिंदी अडली. जन्म उज्जैनात गेला, पण शब्द सापडेना. त्यांनी सवयीनं निहारिकाकडे पाहिलं.

"मीठी छुरी कह लीजिए," ती म्हणाली.

"मीठी छुरी," ते म्हणाले. कोणी हसलं नाही. एका सफाईवालीनं मान दुसरीकडे फिरवली. आपल्याबद्दल हे साहेब काय काय बोलले असतील, याचा ती हिशेब करत असावी.

मग निहारिका मराठीत म्हणाली, "सर, मॅनेजरही नको आणि नोकरीही नको. मराठीत सांगते आहे, सगळ्यांसमोर तुमची अजून शोभा नको म्हणून."

बाबूलालनं इकडेतिकडे पाहिलं. "सर, मैडम क्या बोलीं?"

वहिनींनी विक्रांतना डोळ्यांनी खुणावलं, सांगू नका. पोतनिसांची सोय अजून शाबूत होती. काहीही सांगता आलं असतं.

"मैडम जा रही हैं," विक्रांत म्हणाले. "मेरी वजह से."