भावोजींची सीट

भावोजी असेपर्यंत ताईने त्यांच्या गाडीचं स्टिअरिंग कधी धरलं नाही. धरू दिलं तर ना! विजेवर धावणाऱ्या अगदी पहिल्या स्पोर्ट्स कारपैकी ती एक. सीटा दोनच, जमिनीला टेकलेली, बाहेर पडताना गुडघे बोंब मारणार. पण ॲक्सिलरेटर दाबला की पोट मागे राहायचं. खोड एकच: चार्जर काही महिने काढून ठेवला, तर बॅटरी मरायची आणि परत उठायची नाही. म्हणून भावोजी गेल्यावरही ताईने ती दोन वर्षं चार्जरला लावून ठेवली. मी तिचा धाकटा भाऊ, पेशाने मेकॅनिक, मीच सांभाळायचो.

मग ताईने क्रॉसओव्हर घेतली, तीही विजेवरचीच. उंच, ऐसपैस, बटणाने सीट पुढे-मागे होणारी. आणि कटकटी! पट्टा लावा, दार लावा; सासूच म्हणा. पन्नासाव्या वर्षी ताई गाडी शिकायला निघाली, नव्या नोकरीवर स्वतः चालवत जायचं म्हणून. गॅरेजात चार्जर एकच. तिच्या सांगण्यावरून मी तो जुन्या गाडीचा काढून नवीला लावला. जुनीची बॅटरी आता काही महिन्यांचीच सोबती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अडीच महिन्यांत ताईचा हात बसला. नोकरी सोमवारी सुरू होणार, आणि नेमक्या त्याआधीच्या आठवड्यात रोज सकाळी ड्रायव्हरची सीट पार मागे गेलेली. ताई जेमतेम पाच फूट, पाय पेडलला पोचेनात. मी सेटिंग तपासली. नोंद फक्त तिच्याच मापाची होती. माझं डोकं तापट. तिच्यावरच खेकसलो, की नको ती बटणं दाबत असशील. रविवारी मी सीट पुढे घेतली, गॅरेजला माझं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

सोमवारी सकाळी सीट मागे. टेप काढून पेडलपासून पाठीपर्यंत मोजलं. मग कसलीशी शंका येऊन जुन्या गाडीत मोजलं. भावोजींनी हाताने सरकवलेली ती सीट तेव्हापासून कुणी हलवली नव्हती. माप तंतोतंत तेच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आज मी सोडतो तुला, म्हणालो.

ताई पांढरीफटक पडली होती. तरी तिने पर्स मागे टाकली आणि नव्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटच्या कडेवर टेकली.

"इतकी वर्षं मी बाजूला बसले," समोर बघत ती म्हणाली. "आता तुम्ही सरका."

बटणाला कुणाचाच हात नव्हता. सीट घरघरत पुढे आली आणि ताईचे पाय पेडलवर टेकताच थांबली. लगेच शेजारच्या रिकाम्या सीटसाठी टिंग-टिंग सुरू झालं: पट्टा लावा.

ताईने वाकून त्या सीटचा पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. आवाज बंद झाला. मग तिने आरसा नीट केला आणि गाडी बाहेर काढली.

मी जुन्या गाडीकडे वळलो. तिचा बॅटरी संपत आल्याचा दिवा मघाशी मोजताना लुकलुकत होता. आता तो विझला होता.